कागदी कप

साहेबानं चहा मागवला. आमच्या आधी मुलाखतीला आलेल्या दोन पोरांना कपबशी आली. मला आणि माझ्या नातीला कागदी कप.

तिथंच मी सावध झालो.

त्या ऑफिसातल्या कपबश्या माझी बायको विसळायची. इंदिरानगरच्या याच कंपनीत झाडू-फरशीला होती, मरेपर्यंत. घरी येऊन सांगायची, "कपबशी सायबाच्या माणसांना. आपल्यासारख्याला कागदी. प्या, चुरगाळा, फेका."

नात सुजाता कोबॉल शिकली. बँकांचे जुने कॉम्प्युटर त्या भाषेवर चालतात म्हणे. जाणणारे रिटायर झाले, नवी पोरं शिकत नाहीत. मला त्यातलं ओ का ठो कळत नाही. पण साहेब स्वतः बोलला, "या भाषेची माणसंच मिळत नाहीत हो. दिवा घेऊन शोधतोय." सुजाताचा पेपर बघितला. "छान सोडवलाय," म्हणाला. त्या दोघांना तर कोबॉल येतच नव्हतं. त्यांना म्हणाला, "येईल रे, शिकवू आपण."

मग सुजाताकडं वळला. भाषा राहिली बाजूला. पूर्ण नाव काय? मूळ गाव कुठलं? गावात घर कुठल्या बाजूला?

हे कॉम्प्युटरला लागतं का? मला जन्मभर विचारलेत हे प्रश्न. खोली भाड्यानं मागताना, काम मागताना. पुढं काय येतं ते मला पाठ.

सुजातानं सगळं सरळ सांगितलं. साहेब मागं रेलला. माझ्याकडं बघून गोड हसला.

"बाबा, तुम्ही आपल्या सुमनबाईंचे ना? फार चांगली बाई हो. पोरीला आत्ता तिच्याच कामावर घेऊन टाकू. जागा रिकामीच आहे. कॉम्प्युटरचं पुढं बघू."

जागा रिकामी.

घरात तिची वाकळ अजून मी उचललेली नाही. आणि हा मला सांगतो, जागा रिकामी.

जन्मभर 'बरं साहेब' म्हणत आलो. आताही ओठावर आलं. सुजाता माझ्याकडं बघत होती.

"नाय," मी म्हणालो. "झाडू तुझा तू मार."

"बाबा, गैरसमज होतोय तुमचा."

"आबा, उठा," सुजाता म्हणाली. भरलेला कप तिनं त्याच्या टेबलावर ठेवला. तोंडसुद्धा लावलं नव्हतं.

देवळालीच्या बसमध्ये ती म्हणाली, "उद्या सातपूरच्या एका कंपनीत बोलावलंय. एकटी जाते."

"मी येणार."

तिथंही कागदी कप असंल. माझा आता कुणाच्या गोड हसण्यावर भरवसा नाही. पण 'बरं साहेब' संपलं. माणसं मिळत नाहीत म्हणून जो रडंल, त्याला तोंडावर विचारणार: भाषा येणारं माणूस पाहिजे, का तुझ्यातलं पाहिजे?

उत्तर मिळाल्याशिवाय त्याच्या समोरच्या खुर्चीवरून उठायचा नाही मी.