भीमेकाठची हाक

वडिलांना ऐकू येईनासं होऊन बरीच वर्षं झाली होती. उभी हयात साखर कारखान्याच्या मिलमध्ये गेली, त्यातच दोन्ही कान गेले. मी त्यांच्याशी हातवाऱ्यांनी बोलायचे.

श्रीगोंद्याला नात्यातलं लग्न होतं. जेवणं उरकल्यावर ते म्हणाले, "पेडगावचा किल्ला बघू की. ल्हानपनी गेल्तो एकदा." मी गाडी तिकडे वळवली.

वेशीतून आत गेलो तर नुसत्या वेड्या बाभळी, मधूनच एखादं पडकं देऊळ. माणूस नाही. नदीच्या अंगाला जुन्या महालाच्या भिंती तेवढ्या उभ्या होत्या आणि खाली भीमेचं हिरवट, न हलणारं पाणी.

मी कमानीवरची नक्षी बघत होते. मागून वडिलांचा आवाज आला, "आलो, आलो."

वळले, तर ते ढासळलेल्या भिंतीकडे चालले होते. पुढे कठडा नव्हता, खाली थेट नदी. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि काय झालं म्हणून खुणेनं विचारलं.

"खालनं बाई हाक मारतीय. लई येळ झाला."

मी वाकून पाहिलं. काठावर कोणी नव्हतं. वारासुद्धा पडला होता. मी मान हलवली.

त्यांनी माझी कीव आल्यासारखं पाहिलं. "तुला ऐकू येत न्हाई?"

"कोण आहे?" मी ओरडले. ओठांवरून त्यांना ते कळलं.

"आवाज वळखीचा न्हाई. पन माझं ल्हानपनीचं नाव घेती."

ते नाव त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं.

ते पुढे ओढ घेत होते. म्हाताऱ्या अंगात एवढा जोर कुठून आला कोण जाणे. मी कमरेला मिठी मारून मागं खेचत राहिले. मग एकाएकी त्यांचं अंग सैल पडलं. "थांबली," म्हणाले, आणि दगडावर बसून रडू लागले.

नगरचे डॉक्टर म्हणाले, कान गेले की मेंदू कधी कधी आपणच आवाज तयार करतो. मला ते पटलं, निदान दिवसाउजेडी.

नंतर वडिलांनी पुन्हा तिकडे जायचा हट्ट धरला. मी नेलं नाही. ते चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "तिला काय पायजे हुतं, त्येवढं इचारायचं ऱ्हायलं."

गेल्या थंडीत ते झोपेतच गेले. मी अजून पेडगावला गेलेली नाही.