फ्रेटची टोकं

गरम सरसाचा वास आला की मला नेऱ्यातली ती पत्र्याची शेड आठवते. बाबांनी उमेदीत ऑर्केस्ट्रात वाजवलेली इलेक्ट्रिक गिटार, मधे भरीव आणि दोन्ही कुशींत पोकळ, मी त्यांना घेऊन तिथे दुरुस्तीला नेली होती. त्यांनी वाजवणं सोडलं होतं. "आता हात राहिला नाही," एवढंच म्हणायचे. कारागिराने गिटार डोळ्यांच्या रेषेत धरून पाहिली आणि म्हणाला, "हात बरोबर हाय काका. गिटारची मान सांध्यातून उचललीय, म्हणून तारा वर गेल्यात, दाबायला जड जातायत. लाकूड आकसलंय, त्याने फ्रेटची टोकं भायेर आलीत." आठवड्याने गेलो तेव्हा मान नव्या सरसाने घट्ट बसली होती आणि तो बारीक कानशीने फ्रेटची, म्हणजे मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांची, टोकं घासत होता. मग त्याने गिटार बाबांच्या मांडीवर ठेवली. "माझ्या हाताला घट्टे पडलेत, मला समजत नाय. तुमी हात फिरवा, टोचेल तिथं सांगा." औषधांनी बाबांची कातडी कागदासारखी पातळ झाली होती. ते डोळे मिटून मानेच्या कडेने बोटं सरकवू लागले. "इथे," म्हणाले. त्याने घासलं. थोडं पुढे जाऊन पुन्हा, "इथे." दाढ ठणको की छातीत कळ येवो, कायम 'काही नाही' म्हणणारे माझे बाबा त्या दुपारी एका परक्या माणसाला न लाजता सांगत होते, कुठे टोचतंय ते. गिटार आता माझ्याकडे असते. मानेवरून हात फिरवला तर कुठेच टोचत नाही.