आजीच्या दगडाचा ठसा

इस्राएलमधल्या हैफाच्या धक्क्यावरून बोट सुटली तेव्हा हात हलवणाऱ्या नईमाकडे मी धड पाहिलंही नाही, इतका भडकलो होतो. आमचं लग्न ठरलेलं, आणि मी निघालो होतो पनवेलला, स्वतः यहुदी असल्याचा पुरावा आणायला!

मी कमर्शियल आर्टिस्ट. मुंबईत शिकलो, मग लंडनच्या जाहिरात स्टुडिओत सहा वर्षं काढली. तिथे चहाच्या डब्यावर हिंदुस्थान म्हणजे हत्ती नि गारुडी, आणि ते काढायचे मीच, कारण मी ‘तिकडचा’. कंटाळून आपल्या धर्माच्या देशात गेलो. तिथे माझ्या पोस्टरांवरच्या हिब्रू अक्षरांची वाहवा झाली. पण लग्ननोंदणीच्या कचेरीतला कारकून म्हणाला, “यहुदीपण आईकडून येतं. तुमच्या आईची आई यहुदी होती, कशावरून?” घ्या! माझा हात यांना चालतो, मी चालत नाही.

मुंबईहून ठाण्यामार्गे एस.टी.ने पनवेल गाठेपर्यंत हाडं खिळखिळी झाली. रिबकामावशीने सुखरूप आलो म्हणून नवसाचा मलिदा (पोहे, गूळ, ओलं खोबरं) केला होता. माझं काम ऐकून ती कडाडली, “माझ्या आईची जात विचारतात? जळ्ळं मेलं त्यांचं लक्षण!”

सकाळी आमच्या कबरस्तानात गेलो. शेजारच्या बांधावर चांगूकाका गवत कापत होते. म्हातारे आगरी शेतकरी, आजोबांच्या तेलघाण्याचं जुनं गिऱ्हाईक.

“आजीचा दगड शोधतोस? त्या चाफ्याखाली हाय,” ते म्हणाले. “पन कशाला?”

मी सांगितलं. काका विळा टाकून उभेच राहिले.

“अरं, शनवार तुमचा पाळायचा वार, तुज्या आजाचा घाना बंद! आमी डोक्यावर तीळ घेऊन यायचो नि तसंच परत जायचो. आजी दारातून वरडायची, ‘आज नाय, उद्या या.’ यापरीस काय पुरावा पायजे त्यांना?”

मी चाफ्याखाली गेलो. दगडावर वर हिब्रू, खाली मराठी: ‘साराबाई’. पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासत ठसा उठवला. अक्षरं ओबडधोबड, पण खरी. घासताना डोळे भरून आले, लाजही वाटली. मेलेल्या बाईला मी साक्षीला उभं करत होतो.

हैफाला परतून तो कागद कारकुनापुढे पसरला. नईमा शेजारी होती. त्याने अक्षरांवरून बोट फिरवलं.

“तुम्ही अक्षरं काढणारे चित्रकार ना? मग हे तुम्हीच काढलं नसेल कशावरून?”

तळपायाची आग मस्तकात गेली. नईमाचं घर बगदादहून आलेलं यहुदी; तिच्या वडिलांचे सगळे कागद तिथेच राहिले होते. त्यांना यहुदी मानलं ते नुसत्या शब्दावर. माझ्या आजीचा दगडसुद्धा खोटा! मी काही बोलणार, तोच नईमाने ठसा उचलून गुंडाळला.

“तुझ्या गावात लग्न लावतात ना?” तिने विचारलं.

नोकरीवर पाणी सोडून आम्ही दोघं पनवेलला आलो. इथल्या मशिदीत (आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, आमच्या प्रार्थनामंदिराला मशीदच म्हणतो) आमचं लग्न लागलं. बगदादच्या मुलीकडे कुणी कागद मागितला नाही. दारात मावशीने एवढंच विचारलं, “पोरी, भूक लागली असेल ना?”

मग एवढे समुद्र ओलांडून, हातात पुरावा घेऊन, मी कुणाच्या दारात उभा होतो, सांगा!