विझत आलेलं कृष्णविवर

भालकीहून हुलसूरमार्गे जाणाऱ्या बसमध्ये ती माझ्या शेजारी बसली होती. तिशीची असेल. मोबाईलवरचा ठिपक्यांचा आलेख दोन बोटांनी मोठा करायची, ओढणीनं स्क्रीन पुसायची आणि पुन्हा बघायची.

"कामून वो ताई, घरी काही झालंय का?" मी विचारलं.

"न्हाई अण्णा. एक्स-रे बघायलेय."

"कुणाचा?"

"आपल्या आकाशगंगेसारखीच दुसरी एक हाय, लई लांब. तिच्या मधोमध मोठं कृष्णविवर हाय. त्यात पडणारा वायू तापतो, त्याचे क्ष-किरण आम्हा संशोधकांच्या अवकाशातल्या दुर्बिणीला दिसतेत. गेल्या वर्षी लखलखीत होतं. आज बघा, विझत आलंय."

मला आलेखातलं काही कळलं नाही.

"याला हजारो वर्षं लागतेत, असं आम्ही शिकलोय," ती म्हणाली. "आन् हे एका वर्षात." वाटेतलं अख्खं गाव नाहीसं झालेलं बघून यावं, तसा तिचा चेहरा झाला होता.

"घरी सांगितलं का?"

"आत्ताच आकडे आलेत. पहिल्यांदा तुमालाच सांगायलेय."

मी खताच्या दुकानात कामाला. कुठलीही बातमी माझ्यापर्यंत शिळी होऊनच येते.

हुलसूरला उतरताना ती वळून म्हणाली, "माझं चुकलं बी असंल. कुणाला सांगू नका."

बस निघाली. आभाळातली एवढी मोठी गोष्ट त्या दुपारी आम्हा दोघांनाच ठाऊक होती, आणि मला तिचं नाव विचारायचंही सुचलं नव्हतं.