नितेशची बियर आणि गोदाबाईंचा तळहात

आमच्या गल्लीतला नितेश बियर बनवतो आणि स्वतः थेंबभरही पीत नाही. ऐकणाऱ्याला वाटतं, मी थापा मारतोय. पण पुण्याला बियर बनवायच्या कामावर जायच्या आधी त्याच्या आईनं, गोदाबाईंनी, त्याला मोझरीला नेलं आणि महाराजांच्या समाधीपुढे बजावलं, "बनवजो, पन तोंडाले लावू नोको." पोरगं सरळ, शब्द पाळला. पुण्यात चव घ्यायला दुसरी माणसं होती, त्यामुळे निभावलं.

वडील गेल्यावर तो अमरावतीला परतला आणि आईबरोबर झेंडू-शेवंतीच्या दुकानात बसू लागला. पहाटे बाजारातून फुलांची पोती आणायची, ती जिन्याखाली रचायची, आईच्या गुडघ्यांना त्रास होऊ द्यायचा नाही. पण हात शिवशिवत होते. गच्चीवरच्या खोलीत त्यानं पिंप मांडलं आणि संत्र्याची साल घालून बियर लावली. तेवढ्यात नागपूरच्या एका हॉटेलवाल्यानं निरोप धाडला: नमुना आण, आवडला तर नागपुरातच राहून काम कर.

आता चव सांगणार कोण? बंडू, गजेंद्र आणि मी. आम्ही म्हणजे लग्नात आणि मॅच जिंकल्यावर पिणारी माणसं.

"शेवटी जिभेवर काय राह्यते?" नितेशनं विचारलं.

"काई नाई राह्यत बे, पोटात जाते," गजेंद्र म्हणाला.

"कडू किती हाय?"

"जेवढी पाह्यजे तेवढी. एक नंबर!" बंडूनं रिकामा ग्लास पुढे केला.

मीही एक नंबरच म्हणालो. वऱ्हाडी माणूस तोंडावर बोलतो म्हणतात, ते खरं आहे. पण फुकटचं पोटात जात असताना आमचंही तोंड गोडच असतं.

नितेश भडकला. "म्हशीवानी पिऊन राह्यले नुसते! घान असन तं घान म्हना ना बे. तिकडं मालकानं थुकली तं मी काय करू?"

गोदाबाई भजी घेऊन वर आल्या होत्या. त्यांनी ताट खाली ठेवलं आणि हात पुढे केला. "आन इकडं."

"माय, तू?"

"शपथ तुयी हाय. मी कोनालेच शब्द देल्ला नाई."

भाजीचं मीठ बघतात तसे त्यांनी दोन थेंब तळहातावर घेतले, चाटले आणि तोंड वाकडं केलं. "शी! पयले संत्र लागते, मंग कडू, मंग निरं कडूच. कडूलिंबाचा पाला चावल्यावानी."

आम्ही तिघं मान खाली घालून बसलो. नितेश मात्र असा खूश झाला की त्यानं आईला मिठीच मारली. सगळं पिंप मोरीत ओतलं आणि पुन्हा लावलं. पुढची बियर गोदाबाईंना पाणचट लागली, तीही मोरीत गेली. बंडूचा जीव तुटत होता, पण त्याला आता कोणी विचारत नव्हतं. मला त्या बाईचं फार कौतुक वाटायचं. जन्मात दारूचा वास सहन न केलेली बाई, पण लेकासाठी तळहात चाटत होती.

परवा तिसरी बियर तयार झाली. आम्हाला गच्चीवर बोलावलं, पण तोंड बंद ठेवायच्या अटीवर. गोदाबाईंनी तळहातावर थेंब घेतले. मग ग्लासच मागितला आणि चांगला घोट घेतला.

ही बाई नुसतं "कडू" म्हणाली तर पोरगं घरीच राहील. नितेश साऱ्या जगात तिच्याच जिभेवर विश्वास ठेवतो, हे तिलाही ठाऊक होतं. तिच्या जागी मी असतो तर कडूच म्हणालो असतो.

"काय वं माय? सांग ना."

त्यांनी ग्लास खाली ठेवला, पदरानं तोंड पुसलं.

"चांगली झाली."

"खरंच?"

"हाव. उद्याच ने नागपूरले. परवा इचारशीन तं मी कडूच म्हनीन."