काठोकाठ भरलेलं रॉकेट

दिवाळी सरत आली की माझं डोकं फिरायला लागतं. पाथर्डीकडच्या आमच्या शाळेसमोर ट्रॅक्टर येऊन लागतात, ऊसतोडीची माणसं भरून कारखान्यांकडे नेतात, आणि माझा सातवीचा वर्ग ओस पडतो. दर वर्षी मी भांडते, दर वर्षी हरते. त्या वर्षी मात्र एका मुलीसाठी मी हट्टालाच पेटले होते.

वर्गात मी विचारलं होतं, रॉकेट वर कसं जातं? सगळे म्हणाले, जमिनीला ढकलून. मग आकाशात पोचल्यावर ते कशाला ढकलतं, असं मी विचारलं. ही मुलगी उठून म्हणाली, टँकरचं पाणी विहिरीत सोडताना पाइप घट्ट धरला नाही तर तो मागे उसळी मारतो, तसंच असणार. पाणी एकीकडे, पाइप दुसरीकडे. अगदी बरोबर होतं ते. रॉकेट आपल्याच पोटातला वायू जोरात मागे फेकतं आणि त्यामुळेच पुढे जातं, त्याला जमीन लागत नाही. अशा पोरीने शाळा सोडून उसाच्या फडावर कोपीत, पाचटाच्या झोपडीत, तान्हा भाऊ सांभाळत बसायचं, या विचाराने माझा जीव तुटायचा.

तिच्या घरी मी इतक्या खेपा घातल्या की त्यांचं कुत्रंसुद्धा माझ्यावर भुंकेनासं झालं. गावातली आत्या तिला ठेवून घ्यायला तयार होती. आई माझ्याकडे आशेने बघायची. वडिलांचं एकच, ल्हान्याला कोण बघणार? शेवटी वैतागून, बहुधा मला घालवायलाच, ते म्हणाले, "तिचं ते रॉकेट उडवून दावा बाई. उडालं तर ठिवतो." मी तो शब्द घट्ट धरून ठेवला.

रॉकेट म्हणजे कोल्ड्रिंकची रिकामी बाटली. तिच्यात थोडं पाणी भरायचं, बाकी जागा हवेला ठेवायची, बूच घट्ट बसवून बाटली उलटी उभी करायची आणि बुचातल्या व्हॉल्व्हमधून सायकलच्या पंपाने हवा ठासायची. दबलेली हवा पाण्याला खाली हाकलते आणि बाटली वर सुटते. आदल्या दिवशी ती कडुलिंबाच्याही वर गेली होती, त्यामुळे मी निर्धास्त होते.

निघायच्या सकाळी ट्रॉलीत पत्रे, भांडी, शेळ्या चढवून झाल्या. मुलगी भावाला घेऊन होती, म्हणून बाटली तिच्या आईने भरून आणली. वरून मुलांनी चिकटवलेला चमकीचा कागद होता, आतलं काही दिसत नव्हतं. वडील हाताची घडी घालून उभे राहिले. भावाला आईकडे देऊन मुलीने घाईत, आत न बघताच बूच घट्ट दाबून बसवलं, पंप मारला. बूच सुटलं, पाणी भदकन सांडलं आणि बाटली जागच्या जागी आडवी झाली.

"आई, किती भरलं हुतं?" मुलीने विचारलं.

"काठोकाठ," आई म्हणाली. "चांगल्या कामाला अर्धं भांडं देत्यात व्हय?"

आमच्याकडे कुणी महत्त्वाच्या कामाला निघालं की भरलेली कळशी आडवी यावी लागते. रिकामी दिसली तर माणूस दारातून परत फिरतो. मुलगी मागे राहावी म्हणून त्या माउलीने जीव लावून बाटली भरली होती, आणि हवेला जागाच ठेवली नव्हती.

पुन्हा एकदा उडवू द्या, म्हणून मी हातापाया पडले. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. वडिलांनी आवाजसुद्धा चढवला नाही. "न्हाई उडालं बाई," म्हणाले आणि मुलीला उचलून ट्रॉलीत बसवलं, तान्हा तिच्या मांडीवर दिला. मला सगळ्या गावासमोर रडू फुटलं.

चढता चढता आई थांबली. माझा हात धरून हळू आवाजात म्हणाली, "म्या अर्धीच भरली असती, तर राहिली असती का वं ती?"

सातवीला विज्ञान शिकवणारी मी. म्हणाले, "नाही हो. बूचच सैल होतं."

बूच मुलीने बसवलं होतं, आणि ते घट्ट होतं हे मलाही ठाऊक होतं आणि तिलाही. ट्रॉलीतून मुलीने माझ्याकडे पाहिलं, मग आईला हात देत म्हणाली, "व्हय आई. माझंच बूच सैल हुतं."