बॉयलरच्या भिंतीवरचा दुसरा हात

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. त्यांना वाटतं, कारखान्यात माझं छान चाललंय – आणि चाललंयच की! त्याचाच तर राग येतो.

तुम्हाला सांगते, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मध्येच अडखळले तर अडखळू द्या.

मी किन्हीराजाची. रसायनशास्त्रात पदवी घेतली आणि जऊळक्याजवळच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागले. पेंडीतला ओलावा, तेलाचा रंग, असली कामं. सगळे मला ‘मॅडम’ म्हणतात, वयानं मोठी माणसंसुद्धा. युसूफभाईही म्हणायचे.

युसूफभाई आमच्या बॉयलरवर होते. जऊळक्याचेच. परवाना असलेला, बॉयलरच्या नुसत्या आवाजावरून वाफेचा दाब सांगणारा माणूस. त्यांना कागदाचा कंटाळा. हात कायम काळे, वहीला लावले की वही काळी. म्हणून ते भिंतीवर लिहायचे. सोयाबीनच्या कुटाराची, म्हणजे मळणीनंतर उरलेल्या भुशाची, एक ट्रॉली भट्टीत गेली की विटेच्या तुकड्यानं एक लाल रेघ. कोळशाचा एक हातगाडा गेला की कोळशानंच एक काळी रेघ. बस. एवढाच त्यांचा हिशेब, पण रेघ कधी चुकली नाही. कसं सांगते? कारण दरवर्षी दसऱ्याआधी कारखान्याला चुना मारायचे, आणि त्याच्या आदल्या दिवशी युसूफभाई मला बोलवायचे. ते भिंत वाचायचे, मी वहीत उतरवून घ्यायची. मग भिंत पांढरी, आणि नव्यानं रेघा सुरू. त्या वहीकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. आम्हा दोघांचीच ती रीत होती.

मग आलं ते कार्बनचं खूळ. खूळ म्हणते – नाही, खूळ नव्हतं ते. खूळ आमचं होतं. आमची पेंड परदेशात घेणाऱ्या कंपनीनं कळवलं: तुमच्या कारखान्यातून किती कार्बन हवेत जातो ते सांगा, आणि बाहेरच्या कुणाकडून पडताळून घ्या. नाहीतर पुढचं कंत्राट नाही. मालकांनी ते पत्र माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाले, “मॅडम, तुमी हुशार हाये, पडताळनीचं योग्य ते स्टँडर्ड तुमीच निवडा.” पाठीवर थाप मारल्यासारखं वाटलं मला. किती सहज फुगतो आपण, नाही?

आठ दिवस मी वाचत बसले. शेवटी दोन पर्याय उरले. एका पद्धतीत पडताळणारा माणूस पुण्यात बसून आपण पाठवलेले कागद पाहणार, फोनवर चार प्रश्न विचारणार आणि मर्यादित खात्रीचं, म्हणजे ‘कागदांत चूक आढळली नाही’ एवढंच सांगणारं, प्रमाणपत्र देणार. दुसऱ्या पद्धतीत दोन माणसं इथे येणार, तीन दिवस राहणार, बॉयलरपाशी उभी राहणार, जळण तोलणार. आणि कामगारांशी बोलणार. बंद खोलीत, एकेकट्याशी.

मी मोठा तक्ता केला. वेळ, काम, कारखान्याचा आकार. मीटिंगमध्ये उभं राहून सांगितलं, आपल्याएवढ्या कारखान्याला पहिलीच पद्धत योग्य. कुणी हरकत घेतली नाही. घेणार तरी काय? तक्त्यात एकही शब्द खोटा नव्हता. लहान कारखाने ती पद्धत घेतात, प्रामाणिकपणे घेतात, त्यात काही वाईट नाही. मी मात्र ती घेतली ती एकाच कारणासाठी, आणि ते कारण तक्त्यात नव्हतं. तिथे कुणी युसूफभाईंना काही विचारणार नव्हतं!

कारण आमचा बॉयलर कुटारावर चालतो, हे अर्धंच खरं. उन्हाळ्यात चालतो. पावसाळ्यात कुटार भिजतं, पेटत नाही, नुसता धूर. मग कोळसा. कुटाराचा कार्बन हिशेबात धरत नाहीत, कोळशाचा पुरेपूर धरतात. आणि हा कोळसा कच्च्या पावतीवर यायचा, कागदावर त्याचा मागमूस नसायचा. किती जळला हे एकाच ठिकाणी लिहिलेलं होतं. मालकांनी मला खोटं लिहायला कधी सांगितलं नाही, हेही सांगायला हवं. त्यांनी फक्त विचारलं, “आपला बॉयलर कुटारावरच चालते ना?” मी म्हणाले, हो. असे प्रश्न कसे विचारायचे हे त्यांना बरोबर कळतं. आणि उत्तर कसं द्यायचं हे मला कळलं. संताप येतो मला त्या ‘हो’चा. अर्धा सेकंदही लागला नाही!

दसरा आला. चुनेवाले आले. युसूफभाई प्रयोगशाळेच्या दारात उभे राहिले – आत यायचे नाहीत कधी, फरशी काळी होते म्हणून. म्हणाले, “मॅडम, भित लिहून घ्या. चुन्याचे मानसं आले.”

मी म्हणाले, उद्या.

“उद्या काहून? उद्या तं भित पांढरी होईन.”

बघते, म्हणाले. आणि बघितलं नाही. दिवसभर मी एकाच नमुन्याचा ओलावा पुन्हा पुन्हा मोजत बसले.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. भिंत पांढरी झाली होती. लाल रेघा नाहीशा झाल्या होत्या. पण कोळशाच्या – तुम्ही कधी कोळशाच्या रेघेवर चुना दिलाय? ती दबत नाही. चुना सुकून पांढरा झाला तरी खालून रेघ वर येतेच. फिकट, करडी, पण मोजता येईल अशी. अख्खा पावसाळा त्या भिंतीवर उभा होता. वही माझ्या हातात होती. होय, नेली होती मी वही. कशाला नेली होती? अजून कळलेलं नाही मला.

चुनेवाला विचारत होता, ताई, राहू द्यायचं का असंच? बॉयलरची खोली आहे, कोण पाहतं इथं.

मी म्हणाले, दुसरा हात मारा.

पहिला हात दरवर्षीचा होता. तो मालकांचा, दसऱ्याचा, रिवाजाचा. दुसरा माझा. तो वाळेपर्यंत मी तिथे उभी राहिले. वर काही येत नाही ना, हे पाहत. मग प्रयोगशाळेत जाऊन एक कागद छापला आणि बॉयलरच्या खोलीच्या दारावर चिकटवला: भिंतीवर लिहू नये. खाली माझी सही. युसूफभाईंनी विचारलं, मग लिहू कुठं? मी म्हणाले, छापील रजिस्टर येणार आहे. ते मी मागवलंच नव्हतं.

पुण्याहून प्रमाणपत्र आलं. फ्रेम करून मालकांच्या केबिनमध्ये लागलं. पेढे वाटले. युसूफभाईंनीही खाल्ला एक.

हिवाळ्यात ती परदेशी कंपनी आपली माणसं घेऊन अचानक आली. कागदावर त्यांचं समाधान झालं नव्हतं म्हणे. बॉयलरमागे त्यांना कोळशाचा ढीग दिसला. हा किती जळतो? मालक म्हणाले, थोडासा, सुरू करताना. नोंद दाखवा. नोंद नव्हती. युसूफभाईंना बोलावलं. ते हात पुसत आले आणि शांतपणे म्हणाले, “भितीवर होतं न सगळं. मॅडमले इचारा, दरसाल त्याच लिहून नेतेत.”

सगळ्यांनी भिंतीकडे पाहिलं. पांढरीशुभ्र! मग माझ्याकडे.

मालकांनी विचारलं, “मॅडम, असं काही होतं का?”

मागच्या तीन वर्षांची वही माझ्या टेबलाच्या खणात होती. तिथून वीस पावलांवर. त्यात प्रत्येक पावसाळ्याचा कोळसा माझ्याच अक्षरात होता. मी ती आणून ठेवली असती तर काय झालं असतं? कंत्राट गेलं असतं कदाचित. माझी नोकरीही. आणि युसूफभाई खरे ठरले असते.

मी म्हणाले, मला माहीत नाही.

युसूफभाई माझ्याकडे पाहत राहिले. रागानं नव्हे. रागावले असते तर बरं झालं असतं. बॉयलरचा काटा चुकीचा दाखवत असला की ते तसे पाहायचे – बिघडलं कुठं, हे शोधत.

अहवालात लिहिलं गेलं, संबंधित कर्मचाऱ्यानं इंधनाच्या नोंदी ठेवल्या नाहीत. सुधारणा म्हणून त्यांना काढलं. कंत्राट टिकलं. युसूफभाईंच्या कामाच्या दाखल्यावर तो शेरा असल्यानं दुसऱ्या कुठल्या बॉयलरवर त्यांना कुणी उभं केलं नाही. ज्या माणसाची एक रेघ कधी चुकली नाही, त्याच्या नावावर निष्काळजीपणा लागला! आणि मला बढती मिळाली. पर्यावरण अधिकारी. आता दुसऱ्या कारखान्यांची माणसं मला फोन करून विचारतात, मॅडम, पडताळणीचं कुठलं स्टँडर्ड घ्यावं? मी तक्ता पाठवते. तोच तक्ता. पाठवताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते, आणि तरी पाठवते.

मागच्या महिन्यात मालेगावला – आमच्या मालेगावला, नाशिककडच्या नाही – एका बेकरीत शिरले. भट्टीपुढे युसूफभाई. पाठ माझ्याकडे. लाकडं आत सारत होते. बाजूच्या भिंतीवर विटेच्या लाल रेघा, ओळीनं, सारख्या अंतरानं. तिथे त्यांना कुणी मोजायला सांगितलेलं नसणार.

ते वळले. ओळखलं.

“मॅडम? घ्या, पाव गरम हाये.”

मी पाव घेतले. तोंड उघडलं होतं, पण बाहेर आलं ते एवढंच – किती झाले?

वही माझ्या घरी कपाटात आहे, साड्यांच्या खाली. तीन पावसाळे, माझ्या अक्षरात. चौथ्याची पानं कोरी आहेत.

कारखान्यात आता छापील रजिस्टर आलंय. त्यात कोळशाचा रकानाच नाही. दर शनिवारी मी त्यावर सही करते.